खाड्याचा हिशेब

मुकादमाच्या वहीत आजारपणाला रकाना नसतो, खाड्याला असतो. ऊसतोड टोळीतल्या कुणाला ताप भरला, कुणाचं बोट कोयत्याखाली गेलं, कुणी चार दिवसांपूर्वी बाळंत झाली, यातलं काहीही त्या वहीत उतरत नाही. उतरतं ते एवढंच, की अमक्या जोडीचा अमक्या तारखेला खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते, वर दंड लागतो आणि तो उचलीत चढतो. दंडाची रक्कम टोळीगणिक बदलते. पाचशे रुपये आणि त्याहून जास्त आकडे बीडकडच्या बायका सर्रास सांगतात.

हिशेब सोपा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाले. नवराबायकोची जोडी दिवसभरात दोनेक टन ऊस तोडते, म्हणजे दोघांचे मिळून सव्वासातशेच्या आसपास. एकाने अंग टाकलं तर जोडी मोडते, म्हणून मजुरी दोघांची जाते. पाचशेचा दंड धरला तर आजारपणाचा एक दिवस बाराशे रुपयांना पडतो. या धंद्यात माणसाच्या शरीराचं जे जे होतं, त्यातलं बरंचसं या बाराशे रुपयांपाशी येऊन थांबतं.

उचल पावसाळ्यात मिळते. मुलीचं लग्न, दवाखाना, बियाणं, आधीची देणी, अशा अडीनडीला मुकादम पैसे देतो. अलीकडे हा आकडा जोडीमागे लाखाच्या घरात जातो. ते पैसे पुढच्या पाच-सहा महिन्यांत ऊस तोडून फेडायचे. फिटले नाहीत तर बाकी पुढच्या हंगामात जाते आणि तिच्याबरोबर माणूसही जातो. आगाऊ रकमेपोटी काम सोडण्याचं स्वातंत्र्य गमावणं म्हणजे वेठबिगारी, असं १९७६ चा कायदा सांगतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात मात्र या व्यवहाराला कुणी वेठबिगारी म्हणत नाही. तो रिवाज आहे, आणि त्यावर सगळ्यांचंच चाललेलं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगररांगांतल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई. शेजारी अहिल्यानगर जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड. वर जालना, परभणी, आणि पार खानदेशातलं चाळीसगाव. ट्रकमध्ये संसार चढतो: पत्र्याची पेटी, पीठ, भांडी, कोंबड्या, लेकरं. घरी म्हातारी माणसं राहतात. ट्रक निघतात ते सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरकडे, काही बेळगाव-बागलकोटला. खानदेश आणि डांगातल्या आदिवासी टोळ्या दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने त्यांच्यावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. महाराष्ट्रात ऊसतोड मजूर किती, याचे अंदाज आठ-दहा लाखांपासून पुढे जातात. इतक्या मोठ्या कामगारवर्गाची मोजणी अजून अंदाजावर चालते, यातच पुष्कळ काही आलं.

हा सगळा व्यवहार सहकाराच्या सावलीत वाढला. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला; विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं शाळेच्या पुस्तकातही आहेत. ऊस पिकवणारा शेतकरी तिथे सभासद झाला, मालक झाला. ऊस तोडणारा मात्र त्या चौकटीच्या बाहेरच राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसांचा ओघ वाढला आणि पाणी नसलेल्या मुलखातल्या माणसांनी पाणी असलेल्या मुलखातलं पीक तोडायचं, अशी विभागणी पक्की झाली.

काम कसं चालतं? पहाटे चार-पाचला, थंडीत, अंधारात टोळी फडात उतरते. त्याआधी बाईने चूल पेटवून भाकरी केलेली असते. पुरुष बुडातून ऊस तोडतो. बाई वाढे आणि पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते. उसाच्या पानाची कड ब्लेडसारखी लागते, म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो. या कामात तिला मिळणारं संरक्षक साधन म्हणायचं तर तेवढंच, आणि तेही घरचं. हातमोजे नाहीत, पायात बहुतेकदा चप्पल, डोळ्यांवर काही नाही. मोळी तीस-चाळीस किलोंची. ट्रक भरत आला की तीच मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचं. ट्रक केव्हा येईल याचा नेम नाही. रात्री अकराला आला तर अकराला भरायचा, आणि पहाटे पुन्हा फड आहेच. बैलगाडीवाल्यांचं वेगळं: तोडायचं, भरायचं आणि कारखान्याच्या आवारात गाडी रिकामी होईपर्यंत रांगेत ताटकळायचं.

कोयत्याचा वार डाव्या हातावर किंवा नडगीवर बसतो. फळीवरून पाय घसरतो. मोळीने मान आणि कंबर धरते. पाचटात घोणस आणि मण्यार असते. रात्री रस्त्याकडेला दिव्याविना, रिफ्लेक्टरविना उभ्या असलेल्या ट्रॉल्यांवर वाहनं आदळतात, आणि उसावर बसून निघालेली माणसं ट्रॉली उलटली की खाली सापडतात. जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते आणि त्याच उसाच्या कडेला मजुरांच्या कोपी असतात. पाचटाच्या, प्लास्टिकच्या, बिनदाराच्या. आई फडात असते तेव्हा कोपीतल्या तान्ह्याकडे सात-आठ वर्षांची बहीण बघते.

एरवी अपघात म्हणजे काहीतरी घडलेलं असतं. त्याची बातमी होते, पंचनामा होतो. ऊसतोडीतलं खरं नुकसान असं घडत नाही, ते साचतं. कोपींजवळ शौचालय नसतं. दिवसा उसाचा आडोसा असतो. पण फड तुटत जातो तसा तो आडोसाही संपतो. मग बायका पाणी कमी पितात. बारा-बारा तास लघवी धरून ठेवतात. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नसते आणि धुवायला पाणी असतं ते कॅनॉलचं किंवा मोटारीचं. मूत्रमार्गाचे आणि योनिमार्गाचे संसर्ग यातून येतात. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत रक्तस्राव वाढतो. हंगामात डॉक्टर गाठायचा म्हणजे खाडा, तेव्हा मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणली जाते. हंगाम संपला, पट्टा पडला, की गावाकडे येऊन दवाखाना. तोवर दुखणं पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं.

आणि मग ‘पिशवी काढून टाका’.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’मध्ये राधेश्याम जाधव यांची बातमी आली. हाजीपूर, वंजारवाडी अशा गावांत गर्भाशय शाबूत असलेली बाई शोधावी लागते, असं तिथल्या बायकाच सांगत होत्या. बीडमध्ये मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या आणि महिला किसान अधिकार मंच याविषयी बोलतच होते. पण राष्ट्रीय महिला आयोगाची नोटीस निघाली आणि मग राज्याला जाग आली. जूनमध्ये विधान परिषदेत हा विषय नीलम गोऱ्हे यांनी मांडला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात आकडा दिला: बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रिया. गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, त्यामुळे काटेकोर तुलना करता येणार नाही. पण सतरा आणि तीन यांतला फरक पद्धतीने भरून निघण्यासारखा नाही.

पुढे या गोष्टीच्या दोन सोप्या कहाण्या झाल्या. एकीत खलनायक मुकादम: पाळीची कटकट नको म्हणून तो बायकांना शस्त्रक्रिया करायला लावतो. दुसरीत डॉक्टर: कॅन्सरची भीती घालून तो साध्या संसर्गावर पोट उघडतो. दोन्हींत तथ्य आहे. शस्त्रक्रियेसाठी मुकादमाने उचल दिल्याचंही बायकांनी सांगितलं आहे. पण एवढ्यावर थांबलं तर जिची पिशवी निघाली ती बाई गोष्टीतून गळते. पंचविशीत दोन-तीन लेकरं झालेली, नसबंदी झालेली, दर महिन्याला चार दिवस रक्तस्राव सोसत मोळ्या वाहणारी ती बाई स्वतःही हिशेब करते. महिन्यात दोन खाडे, हंगामात दहा-बारा, दर खाड्याचे बाराशे. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच. खासगी डॉक्टर म्हणतो काढून टाका, सोनोग्राफीत काहीतरी ‘सूज’ दिसते, जावेने काढलेली असते, नणंदेने काढलेली असते. तिच्यासमोर जे पर्याय ठेवलेत त्यांत हा पर्याय तिला शहाणपणाचा वाटतो. तिच्यापुढे दुसरे पर्याय कुणी ठेवले नाहीत, हा खरा गुन्हा आहे आणि त्यात आरोपी पुष्कळ आहेत.

शहाणपणाचं फळ काय? बीजांडकोशही काढले असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. ठेवले असले तरी ती लवकर येण्याचा धोका असतो. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, झोप जाते. शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं कोणताही डॉक्टर सांगतो. शस्त्रक्रिया होते पावसाळ्यात, दोन हंगामांच्या मधल्या खिंडीत, आणि दिवाळीला ती पुन्हा फळीवर. पिशवी गेली तरी कंबरदुखी राहते, कारण कंबर पिशवीमुळे दुखत नव्हती.

त्या गदारोळानंतर काही गोष्टी झाल्या. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. स्थलांतराआधी आणि नंतर आरोग्य तपासणी सुरू झाली. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न बिहार, छत्तीसगड, राजस्थानातूनही सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला होता. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात बीडच्या तपासणीचे आकडे बाहेर आले तेव्हा ८४३ ऊसतोड महिलांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि त्यातल्या ४७७ जणी ३० ते ३५ वयाच्या होत्या. दीड हजारांवर बायका गरोदरपणात ऊस तोडत होत्या. परवानगीची अट बीडपुरती. शेजारच्या जिल्ह्याची एस. टी. मात्र कुणी अडवत नाही. आणि परवानगीने शस्त्रक्रिया अडते, फडात नसलेलं शौचालय उगवत नाही.

यात कोड्यासारखं काही नाही. या बायकांचा मालक कोण, हा प्रश्न तेवढा शिताफीने अनुत्तरित ठेवलेला आहे.

कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो. वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम जोडीशी. हा शेवटचा करार बहुतेकदा तोंडी, किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा. ऊस कोणत्या फडातला, कोणत्या तारखेचा, कोणत्या गाडीत किती टन, हे सगळं कारखाना ठरवतो. त्याचा स्लिपबॉय फडात उभा असतो. तोडणीचा खर्च कारखाना उसाच्या बिलातून कापून घेतो. फक्त माणूस मेला किंवा जायबंदी झाला, की तो कारखान्याचा नसतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्यातली तरतूद खरं तर स्पष्ट होती: कामगार कंत्राटदारामार्फत आलेला असला तरी भरपाईची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण त्यासाठी आपण कामावर होतो हे दाखवणारा कागद लागतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, पगारपत्रक नाही, हजेरीपट नाही. एकच वही आहे आणि ती मुकादमाच्या खिशात.

स्थलांतरितांसाठीच्या कायद्याची तर गंमत आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा नावाप्रमाणेच राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची संहिता आली. तिच्यातही स्थलांतरित म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेला. धारूरची जोडी निपाणीला ऊस तोडायला गेली तर ती स्थलांतरित. निपाणीपासून अर्ध्या तासावरच्या कागलला गेली तर कायद्याच्या लेखी ती घरीच आहे. तीनशेहून जास्त किलोमीटर दूर, पालात, सहा महिने.

मजुरांची नोंद ठेवणं अशक्य असतं, असं कारखाने सांगतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकले. १७ एप्रिलला शासनाने त्यांना गावी जायची परवानगी दिली तेव्हा आकडा नेमका होता: ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर. तपासणी झाली, याद्या झाल्या, कुठल्या गाडीत कुठल्या गावचे किती जण हे कागदावर आलं. करोनाची भीती गावाला, गावच्या सरपंचाला, तालुक्याच्या आमदाराला होती, म्हणून काही आठवड्यांत लाखभर माणसांची नोंद झाली. एरवी ती होत नाही, कारण एरवी नोंद केली की देणं लागतं.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, अशी त्याची रचना. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. त्या हिशेबाने एका वर्षाचे नुसते कारखान्यांचे १३० कोटी होतात. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका बातमीची स्वतःहून दखल घेत जनहित याचिका चालवायला घेतली. पण महामंडळ ही कल्याणाची सोय आहे, मालकाची जबाबदारी नव्हे. ओळखपत्र, विमा, शिष्यवृत्ती हे सगळं मजुराने अर्ज करून मागायचं. जोखीम जिथे तयार होते त्या फडाला आणि ती ज्याच्या कामासाठी उचलली जाते त्या कारखान्याला त्यातलं काही चिकटत नाही.

शौचालय, पाणी, सावली देणं परवडत नाही, या युक्तिवादाला उत्तर मध्य अमेरिकेतून आलं आहे. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या उसाच्या पट्ट्यात हजारो तरुण मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मेले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. उन्हात, पाण्याविना, टनावारी काम. निकाराग्वातल्या चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीची तर जगभर ‘विधवांचं बेट’ अशी ओळख झाली. एल साल्वादोरमधल्या एका कारखान्यावर २०१४-१५ मध्ये प्रयोग झाला: फडात हलवता येणारा मंडप, पाठीवर पाण्याची पिशवी, ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती, आणि वेगळ्या घडणीचा कोयता. दर माणशी दिवसाची तोडणी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. यात कोयत्याचा वाटा किती आणि विसाव्याचा किती हे वेगळं काढता येत नाही, हे खरं. पण विश्रांती दिली तर काम बुडतं, ही भीती मात्र खोटी ठरली. आपल्याकडे बराचसा हंगाम थंडीत जातो. पण मार्च-एप्रिलचं ऊन आता पूर्वीचं राहिलेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातल्या साखरेवर लांबलचक शोधलेख छापला; कोका-कोला, पेप्सी अशा खरेदीदारांची नावं त्यात आली. परदेशी ग्राहकाची नाराजी कारखान्याला ऐकू येते, फडातली येत नाही. तेवढाच फायदा झाला तर झाला. दुसरीकडे यंत्रं येताहेत. ९०० तोडणी यंत्रांसाठी ३५ लाखांपर्यंत अनुदानाची योजना राज्याने २०२३ मध्ये आणली. यंत्राचं तेल किती तासांनी बदलायचं हे ठरलेलं असतं, ते नादुरुस्त झालं तर त्याला खाडा लागत नाही. लहान, वेड्यावाकड्या फडांत ते चालत नाही, म्हणून कोयता अजून पुष्कळ वर्षं लागणार आहे. मजूर पळाले, तुटवडा आहे, मुकादमाने फसवलं, या दरवर्षीच्या बोंबांचा अर्थही तोच.

दरम्यान जोडी हवी म्हणून मुलींची लग्नं उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्यात हे प्रमाण २१.९ टक्के होतं. सोळाव्या वर्षी लग्न, विशीत दोन बाळंतपणं, पंचविशीत नसबंदी, तिशीत पिशवी: हा क्रम कुणा एका डॉक्टरवर कारवाई करून मोडणारा नाही. तो मोडायचा तर जोडीऐवजी माणसाला मजुरी द्यावी लागेल, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसाला खाडा म्हणणं बंद करावं लागेल, आणि मुकादमाच्या वहीची जागा कारखान्याच्या हजेरीपटाने घ्यावी लागेल.

यातलं पहिलं पाऊल टाकायला नवा कायदा लागत नाही. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते. तिथे उसाच्या दरावरून खुर्च्या फेकल्या जातात, कारखान्याच्या कर्जावरून घोषणा होतात. हे वाचणाऱ्यांत अशा कारखान्यांचे सभासद नक्कीच असतील. त्यांनी पुढच्या सभेत उभं राहून संचालक मंडळाला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं: यंदा आपल्या कारखान्यासाठी किती जोड्यांनी ऊस तोडला, त्यांच्या मुक्कामी शौचालयं किती होती, आणि हंगामात किती जण जखमी झाले किंवा मेले.